अण्णांच्या मागून कोण चाललं होतं?

"मॅडम, हसणार नसाल तर एक सांगते."

समुपदेशन करताना गेल्या सोळा वर्षांत हे वाक्य इतक्यांदा कानावर पडलंय की आता ते आलं की मी पेन खाली ठेवते. पुढचं साधारण कळलेलं असतं. भर दुपारी विहिरीवर बांगड्या वाजल्या, वळून बघितलं तर कुणी नाही. घर दोन शेतांपलीकडे असून रात्रभर त्याच बांधावर फिरत राहिलो, चकवा लागला. पिंपळाखालून येताना पाठीवर हात पडला. देवराईत फोटो काढायला शिरले आणि आतून कुणी नावाने हाक मारली. सांगणारे अडाणी असतात असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. माझ्याकडे हे बोलून गेलेल्यांत एक चार्टर्ड अकाउंटंट आहे, दोन शिक्षिका आहेत आणि एक चक्क भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. माणूस येतो झोप लागत नाही म्हणून, नवऱ्याशी पटत नाही म्हणून. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, निघताना चपला घालता घालता, हे वाक्य बाहेर पडतं.

पाठोपाठ ठरलेला प्रश्न, "मला वेड तर लागत नाहीये ना?" आणि थोडं थांबून, आणखी हळू आवाजात दुसरा, "त्याला माझ्याकडून काय हवं असेल?"

पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायला शंभर जण तयार असतात. दुसरा कुणी ऐकूनच घेत नाही. मीही पुष्कळ वर्षं घेतला नव्हता.

माझं आजोळ सातारा जिल्ह्यातलं. मळ्यातल्या विहिरीच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड होते, साती आसरा. आजी त्यांना हळदकुंकू वाहायची, हिरवा खण ठेवायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायची, आणि दुपारी बाराच्या ठोक्याला आम्हा पोरींना विहिरीकडे फिरकू द्यायची नाही. आसरा हा शब्द अप्सरेवरून आलाय म्हणतात. पण आमच्या आसरा स्वर्गात नाचणाऱ्या नव्हत्या, पाण्यात ओढणाऱ्या होत्या. कॉलेजात गेल्यावर मी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या शिबिरांना जायला लागले आणि सुट्टीत घरी येऊन त्या सात दगडांवरून आजीला इतकं छळलं की आज आठवलं तरी ओशाळायला होतं. पुढे मानसशास्त्र शिकले, अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीत रमले. अजूनही तिथेच आहे. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिला आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, हे त्या पद्धतीचं मर्म, आणि माझ्या खुर्चीवरून मला त्याचा प्रत्यय रोज येतो.

सुरुवातीला मात्र मी ते मर्म अर्धंच वापरायचे. वसतिगृहात राहणारी एक मुलगी आली होती. पहाटे मुंजा येऊन छातीवर बसतो, हात हलवता येत नाही, ओरडता येत नाही. मी कागदावर आकृती काढून तिला समजावलं: स्वप्नं पडतात त्या झोपेत शरीराचे स्नायू सैल सोडलेले असतात, कधीकधी मन आधी जागं होतं आणि शरीर मागे राहतं, त्या मधल्या क्षणांत स्वप्न खोलीत सांडतं. अक्षर अन् अक्षर बरोबर होतं. तिने मान डोलावली, पैसे दिले आणि परत आली नाही. वर्षभराने तिच्या मैत्रिणीकडून कळलं, ती म्हणाली होती, "मॅडमना मी मूर्ख वाटले." ते वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं.

आता अण्णा. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. गाव, व्यवसाय आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील मी बदललेत, त्यांना दाखवून, त्यांच्या परवानगीने.

वय ५८. मूळचे कुडाळकडचे, पस्तीस वर्षं डोंबिवलीत, कारखान्यात फोरमन. मुलीच्या हट्टाने आले होते आणि पहिला अर्धा तास समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. बोलत होती मुलगी. इंटरनेटवरून काढलेली आजारांची यादी तिच्या फायलीत होती, त्यातल्या दोन नावांखाली लाल रेघ. "बाबा सातनंतर घराबाहेर पडत नाहीत. दिवा लावून झोपतात. आषाढात गावाहून आल्यापासून हे सुरू आहे. आणि आता म्हणतात, माझं लग्न पुढे ढकला."

"का ढकलायचं, अण्णा?" मी विचारलं.

"हसणार नसाल तर सांगतो."

मी पेन खाली ठेवलं.

रात्री शेवटच्या एसटीने फाट्यावर उतरून ते घराकडे चालत निघाले होते. दीड-दोन किलोमीटरची वाट. कुणीतरी मागून आलं. वहाणांची करकर, काठीचा आवाज, विडीचा वास. वळून बघायचं धाडस झालं नाही, पण कोण आहे हे विचारायची त्यांना गरजही नव्हती. राखणदार.

देशावरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं, कारण मलाही ते अण्णांकडूनच शिकावं लागलं. तळकोकणात आणि गोव्यात गावाची, वाडीची, कुणाकुणाच्या बागेचीही राखण करणारा असा एक असतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायांत जाड वहाणा. रात्री आपल्या हद्दीत फेरी मारतो, चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो. वर्षातून एकदा त्याला रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, द्यायचा. आरवलीच्या वेतोबाला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात त्यामागेही हीच समजूत आहे, की देव रात्री फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. मला ही कल्पना ऐकताक्षणी आवडली. आमच्या आसरा ओढून नेणाऱ्या, यांचा राखणदार पोचवणारा. मग पोचवणाऱ्याची एवढी भीती कशाला? हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

पहिलं काम मात्र मी चुकवत नाही. असा अनुभव घेऊन कुणी आलं की आधी शरीर तपासून घ्यायचं. झोप किती, दारू किती, नवीन औषध सुरू झालंय का, ताप येऊन गेला का, साखर, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, कान, डोळे. आणि मानसोपचारतज्ज्ञांची एक भेट. यात कुणाचा अपमान नाही.

डोळ्यांवर मी जरा जास्तच जोर देते, त्याला कारण आहे. एक्याऐंशी वर्षांच्या एक आजी माझ्याकडे आणल्या होत्या. त्यांना दुपारी अंगणात, तुळशीजवळ, हिरव्या परकरातल्या वीतभर पोरी दिसायच्या. बोलत नसत, नुसत्या उभ्या. घरच्यांनी दोन वेळा देवऋषी केला होता, सून घाबरून माहेरी गेली होती. आजींची स्मरणशक्ती मात्र माझ्यापेक्षा बरी, गेल्या आठवड्याच्या भाज्यांचे भावसुद्धा पाठ. मी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं, तर काचबिंदू फार पुढे गेलेला. डोळ्यांकडून येणारं कमी झालं की मेंदू कधीकधी स्वतःच चित्रं काढायला लागतो. १७६० साली शार्ल बॉने या स्विस अभ्यासकाने स्वतःच्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलंय: मोतीबिंदूने नजर अधू झालेले, बुद्धी शाबूत असलेले आजोबा, आणि त्यांना दिसणारी माणसं, पक्षी, इमारती. आज या अवस्थेला त्याचंच नाव आहे. आजींना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे पोरी वाईट नाहीत ना? मग असू देत. दुपारची सोबत होते." सून परत आली.

अण्णांच्या तपासण्यांत साखर थोडी वाढलेली निघाली, बाकी काही नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी लिहून दिलं: एकदाच घडलेला अनुभव, विचारांत गोंधळ नाही, भीती आणि अपराधीपणा खूप. तो 'अपराधीपणा' मी वाचला आणि पुढच्या पानाकडे वळले. आता तो कागद काढून बघते तेव्हा स्वतःचंच हसू येतं.

"तुम्हाला भीती त्याची वाटते, की पुढे काही होईल याची?"

"पुढची. तो कोपलाय."

"कशावरून?"

"घाड्याने तांदूळ टाकून सांगितलं. जमीन विकतोयस, तो घर उधळणार. पहिला फटका पोरीच्या लग्नाला."

घाडी म्हणजे देवाचा कौल लावून सांगणारा. त्याने पस्तीस हजार सांगितले होते. पंधरा देऊन झाले होते, वीस राहिले होते.

"आणि घाड्याकडे जाण्याआधी? तेव्हा काय वाटत होतं?"

अण्णा माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी काहीतरी अगदीच बावळट विचारलंय. "तेव्हापण माहीत होतं की कोपलाय. घाड्याने फक्त खरं केलं."

इथे माझ्यातली हुशार विद्यार्थिनी जागी झाली. अण्णांचे वडील वर्षापूर्वीच गेले होते. मला डेवी रीस या वेल्समधल्या डॉक्टरचा अभ्यास आठवला. त्यांनी जोडीदार गमावलेल्या २९३ जणांना विचारलं होतं, तर जवळपास निम्म्यांना गेलेल्या माणसाची चाहूल लागलेली, कुणाला दिसलेलं, कुणाला आवाज आलेला. १९७१ साली हे छापून आलं. त्यातल्या बहुतेकांनी तोवर ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. म्हटलं, जोडीदाराचं होतं तर बापाचं का होणार नाही? धागा सापडला.

"तुमचे वडील काठी घेऊन चालायचे का हो?"

अण्णा हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "मॅडम, बाबांच्या पायांचा आवाज मी झोपेतपण ओळखीन. तो हा नव्हता. हा राखणदारच."

मी आणखी दोन भेटी तोच धागा ओढत राहिले. ते सभ्यपणे हो-हो म्हणत राहिले. मग एक दिवस लक्षात आलं की मी पुन्हा तेच करत होते. मुंजा काढून घेतला तसा यांचा राखणदार काढून घेऊन त्या जागी मला पटेल असं काहीतरी ठेवत होते. फरक इतकाच, की या वेळी आकृतीऐवजी बाप होता.

पुढच्या भेटीत मी म्हटलं, "अण्णा, मी कोकणातली नाही. मला ती वाट माहीत नाही. मला फाट्यापासून घरापर्यंत घेऊन चला. अगदी पाऊल-पाऊल."

त्यांनी डोळे मिटले.

"फाट्यावर उतरलो. पाऊस नुकताच थांबलेला. एसटीचा लाल दिवा वळणावर गेला आणि मग मिट्ट काळोख. मोबाईलला अकरा टक्के बॅटरी, म्हणून टॉर्च लावला नाही. वाट पायाखालची."

"पोटात काय होतं?"

"दुपारचा वडापाव. कागदांच्या कामात जेवण राहिलं. खरेदी घेणाऱ्याला सह्यांचे कागद देऊन येत होतो."

"मग?"

"देवळाचा चढ. तिथे आवाज आला. कर्र, कर्र. मी थांबलो, तो थांबला. चाललो, तो चालला."

"किती मागे?"

"दहा-बारा पावलं. बाबा सांगायचे, राखणदार मागसून येता, फुडसून नाय."

"वास?"

"तिथेच आला. ओल्या पाचोळ्यात विडीचा."

"मग?"

"मग साकव. मग घर."

साकव, म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पूल, आणि घर यांच्यामध्ये त्यांनी श्वास घेतला नाही. चढाला पाच मिनिटं घेणारा माणूस उरलेली निम्मी वाट चार शब्दांत उरकून मोकळा झाला होता. मी ऐकणारी आहे, माझं पोट यावर चालतं. मी तिथेच थांबवलं.

"साकवावर काय झालं?"

"काही नाही."

"तो तुमच्या मागून साकवावर आला?"

बराच वेळ गेला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"नाही. साकवाच्या आधीच त्याने काठी आपटली. दगडावर. दोनदा. मी जागच्या जागी गोठलो. वाटलं, आता संपलं. म्हटलं पळायचं तर निदान पाय कुठे पडतो ते दिसू दे, म्हणून टॉर्च लावला." त्यांनी डोळे उघडले. "मधली फळी नव्हती."

"नव्हती म्हणजे?"

"वाहून गेली होती. सकाळी जाताना होती. खाली व्हाळ तुडुंब."

"पुढचं पाऊल टाकलं असतं तर?"

त्यांनी नुसता हात हलवला.

"हे घाड्याला सांगितलं होतं?"

"नाही."

"मुलीला?"

"नाही. कुणी विचारलंच नाही. सगळे विचारतात, दिसायला कसा होता."

मीसुद्धा पाच भेटींत विचारलं नव्हतं. त्या क्षणी मला स्वतःचा राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर आनंद झाला. आमच्या धंद्यात अशी वेळ वर्षातून दोन-तीनदा येते, जेव्हा पुढचा प्रश्न इतका स्वच्छ दिसतो की तो विचारायला भीती वाटते.

"अण्णा, तुमच्या गावचं मला काही कळत नाही. पण ज्याला तुमचं घर उधळायचंय, तो तुम्हाला साकवावर थांबवील कशाला?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"थांबवणार नाही."

"मग कोपलंय कोण?"

या वेळची शांतता भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं होती. मी मोजली, कारण मध्ये बोलायचा मोह आवरायला मला काहीतरी मोजावं लागतं. मग अण्णा म्हणाले, "कोपायला पाहिजे होतं, मॅडम. कुणीतरी कोपायला पाहिजे होतं."

आणि वहिनी आली. तोवरच्या सगळ्या बोलण्यात तिचं नाव एकदाही नव्हतं.

अण्णांचा थोरला भाऊ एकोणीस वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून गावचं घर, कलमं, सण, देवाचा दिवा, आणि शेवटची सहा वर्षं अंथरुणाला खिळलेले सासरे, सगळं तिने एकटीने पाहिलं. अण्णा पैसे पाठवायचे, गणपतीला चार दिवस जाऊन यायचे. सातबारावर दोघांची नावं. मुलीचं लग्न, डोंबिवलीच्या घराचं कर्ज, आणि जमिनीला अचानक आलेला भाव. आषाढात ते संमतीचे कागद घेऊन गेले. काय-काय समजवायचं याची एसटीत पाच तास उजळणी केली होती. त्यातलं एक वाक्यही लागलं नाही.

"तिने ओले हात पदराला पुसले," अण्णा म्हणाले, "विचारलं, खय सही करू? केली. मग पिठी-भात वाढला. कुळथाची पिठी. वर म्हणते, भावजी, लोणचा घालू?"

इथे त्यांना रडू आलं. मीही डोळे पुसले, लपवत नाही.

माणूस स्वतःला दोषी मानत असतो आणि ज्याचा अपराध केला तोच रागवायला तयार नसतो, तेव्हा त्या दोषाचं काय होतं, हे मी त्या दिवशी इतकं उघडं पाहिलं. तो रागावणारा शोधत फिरतो. वहिनी रागावली नाही, म्हणून अण्णांनी ते काम राखणदाराला दिलं. बिचारा राखणदार आपलं नेहमीचंच काम करत होता, पोचवायचं. पण अण्णांना त्या रात्री सोबत नको होती, शिक्षा हवी होती. म्हणून काठीचा आवाज लक्षात राहिला, आणि त्या आवाजाने जीव वाचला हे चार शब्दांखाली गाडलं गेलं. घाड्याने त्या शिक्षेला फक्त किंमत लावली.

तेव्हापासून असा अनुभव घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी वाट पाऊल-पाऊल चालायला लावते, आणि गोष्ट जिथे धावते तिथे थांबवते. विहिरीवरच्या बांगड्या असोत, देवराईतली हाक असो, जे भेटलं ते काय होतं यावर माझा आणि समोरच्याचा वाद व्हायची गरज पडत नाही. भेटलेल्याने नेमकं केलं काय, आणि तुम्ही त्याच्या तोंडी काय घातलंत, एवढ्या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या तरी बरंचसं काम होतं. एलिसला हे मान्य झालं असतं असं मला वाटतं. आजीला तर नक्कीच.

पुढच्या भेटीत अण्णांनी विचारलं, "मग रोट देऊ की नको?" माझ्यातली शिबिरातली मुलगी क्षणभर ताठ झाली. मी म्हटलं, "घाड्याच्या हिशेबातला देऊ नका. पण तुमच्या घरचा रोट इतकी वर्षं देतं कोण?" त्यांना माहीत नव्हतं. आपण मुंबईत म्हणून तो बंदच पडला, असं ते धरून चालले होते. माझ्यासमोरच त्यांनी गावी फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "तुमी इसारलास म्हणान काय झाला, भावजी? मी हय आसंय मां." काजूच्या पैशांतून ती दर वर्षी देत होती. एकही वर्ष चुकलं नव्हतं.

मुलीला मात्र चैन पडेना. ती एकदा एकटीच आली. "मॅडम, बाबा बरे आहेत, ठीक आहे. पण मागे खरंच कोण होतं?"

तिला मी माझं मत सांगितलं. एकटेपणा, काळोख, रिकामं पोट आणि खाणारं मन एकत्र आलं की माणसाला सोबत जाणवते. १९१६ साली अंटार्क्टिकच्या मोहिमेवरचा शॅकल्टन आणि त्याचे दोन साथीदार साउथ जॉर्जिया बेटाचे बर्फाचे डोंगर छत्तीस तास तुडवत गेले, तेव्हा आपण तीन नसून चौघे आहोत असं त्यांना वारंवार वाटत राहिलं. आणि २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी फिट्स येणाऱ्या एका तरुणीची तपासणी करताना मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका जागी सूक्ष्म वीजप्रवाह दिला, तर तिला पाठीमागे कुणीतरी असल्याचं जाणवलं. ती बसली की तोही बसायचा. आपलं शरीर कुठे आहे याचा हिशेब मेंदू सतत ठेवतो. तो हिशेब चुकला की आपलीच सावली दुसरं कुणी होते. काठीचा आवाज? भरलेल्या व्हाळात ओंडके वाहतात, दगडांवर आपटतात.

"मग हे बाबांना का नाही सांगितलं?"

"त्यांनी मला विचारलं नाही," मी म्हटलं. "त्यांचा प्रश्न होता, तो कोपलाय का. तुझा प्रश्न वेगळा आहे."

ती थोडी खट्टू झाली. तिला दोन प्रश्नांचं एकच उत्तर हवं होतं.

हे वाचून घरातल्या अशा माणसाशी कसं बोलायचं हे विचारणारे बरेच असतील. हसू नका आणि घाबरूही नका. "मग पुढे काय झालं?" एवढंच विचारत राहा. मात्र काही वेळा गोष्ट ऐकत बसायची नसते. दिसणारं किंवा ऐकू येणारं रोज यायला लागलं, हुकूम सोडायला लागलं, "ये", "उडी मार" म्हणायला लागलं, किंवा माणसाचं खाणं, झोप, आंघोळ सुटली, घरच्यांवर संशय सुरू झाला, तर डॉक्टरांकडे न्यायचं. उतारवयात माणसं किंवा प्राणी दिसायला लागले आणि सोबत चालीत ताठरपणा, झोपेत हातपाय झाडणं, विसरभोळेपणा असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे.

सगळ्यात जास्त सांगायचंय ते बाळंतिणीबद्दल. आमच्याकडे बाळंतिणीला विहिरीपासून जपतात, आसरा धरतात म्हणून. बाळ झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत एखादी रात्र-रात्र झोपत नसेल, असंबद्ध बोलत असेल, "पाण्यातून बोलावतात", "बाळ माझं नाही" म्हणत असेल, तर तो तातडीचा आजार आहे, जिवावर बेतणारा, आणि औषधाने उतरणारा. त्याच दिवशी रुग्णालयात न्या, आई आणि बाळ दोघांना क्षणभरही एकटं ठेवू नका. अशा दोन मुली मी पाहिल्या. एक आज मुलाला शाळेत सोडून माझ्या गल्लीतून जाते, हात करते. दुसरीला आधी आठ दिवस उतारे केले होते. तिच्याबद्दल मी लिहू शकत नाही. अंगातलं झाड, म्हणजे भूत, काढतो म्हणून कुणी माणसाला मारहाण करत असेल, तर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, पोलिसांत जाता येतं. आणि कुणाशी बोलावं कळत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे, फोन मोफत लागतो, मराठीत बोलता येतं.

अण्णा दिवाळीनंतर शेवटचे आले. मधल्या काळात गावी जाऊन आले होते. मी विचारायच्या आधीच सुरू झाले, "मॅडम, काय रागावली म्हणून सांगू! दोन दिवस. एकोणीस वर्षांचं सगळं काढलं. दादाच्या बाराव्याला मी लवकर निघालो होतो, तेसुद्धा." आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की बघणाऱ्याला वाटावं, सत्कार होऊन आलेत.

घर, घरामागची कलमं आणि राखणदाराचा दगड आहे तो तुकडा व्यवहारातून बाहेर काढला, वहिनीच्या नावे केला. बाकीची जमीन विकली. भाव पडून मिळाला, लग्न थोडं साधं होईल, मुलगी कुरकुरली आणि मग नाही कुरकुरली. दिवा बंद करून झोपतात का, हे मी विचारायला विसरले.

उठताना त्यांना काहीतरी आठवलं.

"घाड्याचे वीस हजार राहिले होते ना, त्यातून साकव करून घेतला. सगळ्या फळ्या नव्या. किंजळीच्या. वाडीतली पोरं सायकलवरून जातात आता."

"घाडी काही बोलला नाही?"

"बोलला ना," अण्णा चपला घालत म्हणाले. "त्यालाही त्याच साकवावरून जायचं असतं."